फरशीवर मीठ

तिया ओरालियाची नक्कल करायची असेल तर आधी हात ओले करावे लागतात. मग ते पाठीमागे ॲप्रनला पुसत, समोरच्याकडे न बघता, नाकातून म्हणायचं, "आलात? दार लावा. माशा येतात." बस्स. पोर्ट सॅलिनासमधला कुणीही डोळे मिटून सांगेल, ही ओरालिया. बोटींना आशीर्वाद द्यायला बिशप आले होते, त्यांनाही ती हेच म्हणाली. आणि बिशपनी दार लावलं.

ती माझ्या आईची थोरली बहीण; आमच्याकडे मावशीला तिया म्हणतात. आठवडाभर धक्क्यावरच्या शेडमध्ये कोळंबीची डोकी मोडते, दोन्ही हातांनी एकदम, खाली बघावंही लागत नाही. शनिवारी संध्याकाळी हीच बाई लिंबानं हात घासते, लाल बूट चढवते, बापाचं अकॉर्डियन छातीशी धरते आणि मच्छीमारांच्या हॉलमध्ये गाते. गाणी कंट्रीचीच. नवरा पळाला, ट्रक बंद पडला, कुत्रं म्हातारं झालं, बाटलीचा तळ दिसला. फक्त आमच्या किनाऱ्यावर ते सगळं कुंबियाच्या ठेक्यात चालतं, त्यामुळे नवरा पळाल्याचं दुःख लोक कंबर हलवत करतात. तिच्या बोलण्याची नक्कल मला येते, गाण्याची नाही. गाताना तिचं ते नाक कुठं जातं कोण जाणे.

हॉलमध्ये नाचाआधी फरशीवर मक्याचं पीठ भुरभुरतात, म्हणजे बूट छान सरकतात. एका शनिवारी पीठ संपलं होतं. ही गोष्ट खरं तर मिस्टर वेल्डनकडून ऐकावी, पण त्याला अख्खी दुपार लागते. मिस्टर वेल्डन स्टील गिटार वाजवतात. ती आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवत न्यायची. बोलतातही तसेच. "आऽता... बघ हं... दारात एक उंऽच, काऽळा माणूस..." एवढं ऐकून स्वयंपाकघरात जावं, कॉफी करावी, प्यावी, कप विसळून परत यावं. तो माणूस अजून दारातच असतो.

तो माणूस लेनॉक्स. मूळचा त्रिनिदादचा. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर तो इंजिन बघायचा आणि तेच इंजिन बिघडल्यामुळे बोट आमच्या धक्क्याला अडकली होती. पीठ नाही म्हणून सगळे तोंडं बघत उभे, तर हा म्हणाला, "पीठ कशालाऽ? मीठ आहे ना बोटीवरऽ!" त्याचं प्रत्येक वाक्य शेवटाला वर चढायचं. त्याला वेळ विचारली तरी उत्तर प्रश्नासारखं यायचं. त्यानं पोतंभर जाडं मीठ आणून फरशीवर ओतलं. नाच सुरू झाला आणि बूट सरकायच्या ऐवजी करकरायला लागले, जसं काही साठ माणसं एकदम पापड खाताहेत. तिया त्याला झापायला म्हणून मंचावरून उतरली आणि दुसऱ्याच पावलाला घसरून त्याच्या पायाशी बसली.

"काय गं राणीऽ," तो म्हणाला, "इतक्या लवकरऽ?"

"येताना दार दिसलं होतं ना?" ती खालूनच म्हणाली. "त्यातनंच परत जा. आणि लावून घे. माशा येतात."

बोट दुरुस्त होऊन गेली. हा राहिला.

लेनॉक्सची आई सेंट लुशिया बेटावरची होती, आणि त्या बेटावर म्हणे लोक रविवारी रेडिओला कान लावून कंट्रीच ऐकतात. त्यामुळे लेनॉक्सला मिस्टर वेल्डनपेक्षा जास्त कंट्री गाणी पाठ होती. हे मिस्टर वेल्डनना मरेपर्यंत सहन झालं नाही. म्हणजे लेनॉक्स मरेपर्यंत. ते स्वतः आहेत अजून, देवाच्या कृपेनं, आणि अजून त्याच वाक्यावर आहेत.

आमच्या गावात तेलाच्या रिकाम्या पिंपाच्या दोनच गोष्टी होतात: कचऱ्याचा डबा नाहीतर कोंबड्या भाजायची भट्टी. तिसरी लेनॉक्सनं केली. त्यानं पिंपाचं बूड वितभर कडेसकट कापून घेतलं, हातोडीनं ठोकून ठोकून परातीसारखं खोलगट केलं, आणि त्या खोलगट भागात लहानमोठी वर्तुळं उठवली. प्रत्येक वर्तुळाचा एक सूर. त्यांच्याकडे त्याला पॅन म्हणतात. रबराची टोपी घातलेल्या दोन काड्यांनी वाजवायचा. एप्रिलमध्ये बर्फाच्या कारखान्याच्या पन्हाळीतून पाणी ठिबकतं तसा आवाज, पण त्याला दुःख झाल्यावर.

"आगीत एकदाच घालायचाऽ," पॅन करताना त्यानं तियाला सांगितलं होतं. "सूर लावायच्या आधीऽ. लोखंड कडक होतं. सूर लागल्यावर पुन्हा आग दाखवायची नाही, राणीऽ. सगळं विसरतो तो."

"पुरुषांसारखाच," तिया म्हणाली होती.

दोघांनी मिळून गाणी बांधली. शब्द तिचे, चाली भांडून. त्यातलं एक सगळ्या गावाचं लाडकं, "फरशीवर मीठ". घसरून पडलेल्या बाईचं गाणं. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात: अकॉर्डियन थांबतं, स्टील गिटार थांबते, माझ्या मावसभावांचे बास आणि ड्रम थांबतात, आणि लेनॉक्स एकटा वाजवतो. ती लेनॉक्सची जागा. नाचणारे लोक तेवढ्यात आपल्या बायकोकडे बघून घ्यायचे, कारण पुढच्या कडव्यात परत गोल फिरायचं असायचं.

रेकॉर्ड करायची, करायची, असं दर हिवाळ्यात चालायचं. नाचांच्या कॅसेट होत्या, बुटांच्या खोक्यात. मोठ्या वादळात घरात कमरेएवढं पाणी शिरलं तेव्हा त्या गेल्या. लेनॉक्सनं त्यातली फीत ओढून काढून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली होती, तपकिरी शेवाळासारखी ती लोंबत होती. "परत वाजवूऽ," तो हसत म्हणाला. "मी कुठं चाललोयऽ?"

दोन उन्हाळ्यांपूर्वी धक्क्यावर पंपाशी वाकलेला असताना त्याचं हृदय बंद पडलं.

तेव्हापासून हॉलमध्ये ते गाणं म्हटलं की दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात आणि ती जागा रिकामी राहते. कुणी ठरवलं नव्हतं. तेवढा वेळ फक्त पिठावरून बूट घासल्याचा आवाज येतो, मग तिया तिसरं कडवं उचलते. एकदा माझ्या मावसभावानं ड्रमवर हलकासा ठेका धरून बघितला. तिया गाणं थांबवून त्याच्याकडे वळली आणि माइकमध्ये म्हणाली, "तुझ्या आईला सांगू?" तो एकतीस वर्षांचा आहे.

या वर्षी तिनं एकाएकी ठरवलं, रेकॉर्ड करायचीच. लेनॉक्सचे हात मिळणार नव्हते, पण त्याचा पॅन होता. शेडमध्ये भिंतीला खिळ्यावर, तिनं शिवलेल्या खोळीत. ह्यूस्टनमध्ये त्रिनिदादच्या लोकांची वस्ती आहे, तिथला ऑल्विन नावाचा माणूस येऊन तो वाजवायला तयार झाला. तियाला बाकी कशाची पर्वा नव्हती. "विकली नाही तरी चालेल," ती म्हणायची. "माझ्या घरात बटण दाबलं की लेनॉक्सचा आवाज यायला पाहिजे. बास."

खर्चासाठी प्लेटा विकायचं ठरलं. आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन असो, मयत असो, पोरीला बँडचा गणवेश हवा असो, कोंबड्या भाजून प्लेटा विकतात. अर्धी कोंबडी, शिजवलेला घेवडा, बटाट्याचं सॅलड, पांढऱ्या पावाचे दोन तुकडे, वर एक हालापेन्यो मिरची. प्रश्न एवढाच होता की भट्टीवर उभं कोण राहणार.

आणि मग तियो चेओ आला.

तियो चेओ तियाचा धाकटा भाऊ, माझा मामा. त्याची नक्कल सगळ्यांत सोपी. प्रत्येक वाक्याआधी "प्रभूची इच्छा असेल तर" लावायचं. "प्रभूची इच्छा असेल तर जरा मीठ सरकव." "प्रभूची इच्छा असेल तर तुझा पाय माझ्या पायावर आहे." तो आलेलुया आहे, म्हणजे गावातल्या त्या लहान प्रार्थनाघरात जाणारा. त्यांना दारू नाही, नाच नाही, हॉलची पायरीसुद्धा नाही. पण तरुणपणी तो बापाच्या बँडमध्ये बारा तारांची गिटार, बाहो सेक्स्तो, वाजवायचा, आणि मिस्टर वेल्डन म्हणतात, "असा हाऽत... मी पुन्हा... बघितला नाही." एका शनिवारी त्याची बोटीवर जायची पाळी होती. नाच होता म्हणून त्यानं मित्राला आपल्या जागी पाठवलं. बोट परत आली, मित्र आला नाही. चेओनं वाद्य नेऊन मित्राच्या आईच्या अंगणात ठेवलं आणि त्यानंतर हॉलकडे पाठ फिरवली ती फिरवली. तियाच्या आणि लेनॉक्सच्या लग्नातही तो आत आला नव्हता. बाहेर ट्रकमध्ये काचा वर करून बसला होता, उन्हाळ्याचा, सूट घालून. लेनॉक्सच्या मातीला आला, पण लांब, दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीशी उभा राहिला.

तर हा तियो चेओ एका सकाळी तियाच्या दारात उभा. टोपी हातात.

"ओरा, प्रभूची इच्छा असेल तर तुझ्या कोंबड्या मी भाजतो."

तियाचे हात ॲप्रनमागं गेले ते तिथंच राहिले. "गाण्यासाठी आहेत रे त्या," ती म्हणाली. "नाचाच्या गाण्यांसाठी."

"कोंबडीला काय माहीत," तियो चेओ म्हणाला.

ती हसली. आई म्हणते, भावाबहिणीला एकत्र हसताना तिनं लहानपणानंतर तेव्हाच बघितलं. तियानं शेडची किल्ली त्याच्या हातात ठेवली. टेबलं, खुर्च्या, पाण्याचे डबे, लागेल ते घे. आणि त्याच आठवड्यात, ऑल्विन येणार म्हणून, तिनं पॅनची खोळ काढून धुतली होती. ती दोरीवर वाळत होती.

प्लेटांच्या दिवशी आम्ही बटाट्याचं सॅलड घेऊन प्रार्थनाघराच्या पटांगणात पोचलो तेव्हा धूर उभा चढत होता आणि वासानं कुत्री आधीच रांगेत बसली होती. तियो चेओ पहाटेपासून उभा होता. चेहरा लाल, बाह्या वर, गळ्यात पंचा. मी त्याला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. दोन भट्ट्या होत्या, उभी पिंपं. पहिलीवर त्याचं स्वतःचं पत्र्याचं झाकण. दुसरीवर पॅन.

"ये, ओरा, बघ!" तो चिमट्यानं दाखवत म्हणाला. "माझं दुसरं झाकण बिजागरीतून गेलं होतं. म्हटलं आता काय करावं? तर प्रभूनं तुझ्या शेडमध्ये आधीच टांगून ठेवलेलं! कसं बसलंय बघ, जसं काही ह्याच पिंपाचं. आणि ज्यानं केलंय ना, डोकं आहे हं त्याला. वर खड्डे केलेत. चिमटे ठेवले तरी घसरत नाहीत."

त्यानं चिमटे त्या वर्तुळांवर टाकून दाखवले. थड्. डब्यावर दगड पडावा तसा. त्या वर्तुळातून पूर्वी काय निघायचं ते मला माहीत होतं, मी ते तोंडानं काढून दाखवायचे आणि लेनॉक्स म्हणायचा, "जवळ आलीस, पोपटेऽ, पण अजून पाणी कमी आहेऽ." कडेचं लोखंड निळं जांभळं झालं होतं. चरबीचे ओघळ जळून काळे पडले होते.

तिया सॅलडचा टोप हातात धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"छान बसलंय, चेओ," ती म्हणाली.

मग तिनं टोप टेबलावर ठेवला, हात धुतले आणि प्लेटा भरायला लागली.

थोड्या वेळानं मिस्टर वेल्डन आले, टोपी कपाळावर, रांगेतल्या प्रत्येकाशी बोलत. भट्टीशी आले आणि थांबले. त्यांचं तोंड उघडलं. तियानं प्लेट भरता भरता त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मिस्टर वेल्डननी तोंड मिटलं. आयुष्यात त्यांनी सुरू करून सोडून दिलेलं हे एकच वाक्य.

कोंबड्या संपल्या. लोक म्हणाले, अशी कोंबडी या गावात झाली नाही. तियो चेओनं संध्याकाळी ते झाकण वाळूनं घासून लख्ख केलं, पुसलं आणि शेडमध्ये त्याच खिळ्यावर नेऊन टांगलं. दुसऱ्याची वस्तू घाण करून परत देणाऱ्यातला तो नाही.

दुसऱ्या दिवशी तियाच्या ओसरीवर मिस्टर वेल्डनचा आवाज प्रथमच भराभर निघाला.

"त्याला सांगायला हवं, ओरालिया."

"काय सांगशील?"

"जे झालं ते. मी सांगतो. तू नको सांगूस."

"तो माझ्या दारात आला, वेल्डन. पोरं होतो आम्ही, त्यानंतर पहिल्यांदा आला. टोपी काढून उभा होता. त्याच्या डोक्यावर आधीच एक माणूस आहे. त्यावर लेनॉक्स ठेवू?"

"मग लेनॉक्सचं काय?"

"लेनॉक्स गेला," तिया म्हणाली. "तुला कुणी सांगितलं नाही का?" आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

ऑल्विन ठरल्या दिवशी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पितळी कडं, आणि बोलणं ऐन लेनॉक्सच्या वळणाचं, वर चढणारं. त्याचं पहिलं "गुड मॉर्निंगऽ" ऐकून तियानं हातातला कप बशीत ठेवून दिला. त्यानं पॅन मांडीवर घेतला, काडीनं एका वर्तुळाला शिवलं, मग दुसऱ्याला. मग काड्या ठेवून दिल्या आणि नुसत्या बोटानं कडेवरचा तो निळा पट्टा चाचपला.

"मिस ओरालिया, हा आगीत कोणी घातलाऽ?"

"शेडला आग लागली होती."

ऑल्विननं अंगणापलीकडच्या शेडकडे बघितलं. शेडचा पांढरा रंगही पोपडला नव्हता.

"मी ठोकून देईन परतऽ," तो म्हणाला. "पॅन होईल. चांगला होईल. पण तो माझा होईल, मॅमऽ. तुमच्या मालकाचा नाही. प्रत्येकाची हातोडी वेगळी ऐकू येते."

"मग राहू दे," तिया म्हणाली. "जेवून जा. कोंबडी नाहीये, मासे आहेत."

रेकॉर्डिंग हॉलमध्येच झालं. सान अँतोनियोहून कोल्बी नावाचा पोरगा यंत्रं घेऊन आला होता. त्याला सगळं "एकदम" वाटायचं. "एकदम मस्त, मॅम. एकदम घुमतो हॉल. पंखे बंद करू या, एकदम ऐकू येतात." पॅनचं कळल्यावर तो म्हणाला, "काळजीच नको! माझ्या कीबोर्डमध्ये आहे तो आवाज. एकदम खऱ्यासारखा." त्यानं एक पट्टी दाबून दाखवली. आवाज खरंच बरा होता. तियानं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाली, "छान आहे, बाळा. झाकून ठेव ते. धूळ बसेल."

मंचावर लेनॉक्सच्या जागी त्याचं तिकाटणं उभं होतं आणि त्यावर पॅन, दोन्ही काड्या आडव्या ठेवलेल्या. मिस्टर वेल्डन कुरकुरले होते. "मंचावर मढं... कशाला?" पण तिया म्हणाली, तिथं मोकळं असलं तर माझी नजर तिकडे जाते आणि शब्द चुकतात. तियो चेओ तिथं येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तीन गाणी झाली होती. चौथं "फरशीवर मीठ". तेवढ्यात दार करकरलं, आणि उन्हाच्या चौकटीत तियो चेओ, हातात बायकोनं दिलेला तमालेसचा डबा. एक पाय आत, एक बाहेर.

"प्रभूची इच्छा असेल तर... तुम्ही जेवला नसाल म्हणून," तो म्हणाला.

तियानं अकॉर्डियन छातीवरून उतरवलंही नाही.

"आलास?" ती म्हणाली. "दार लाव. माशा येतात."

तो आत आला. भिंतीला हात लावून बघितला, बापानं ठोकलेल्या खिळ्याकडे बघितलं, जिथं त्याचं वाद्य लटकायचं. मग डबा ठेवायला म्हणून मंचाशी आला आणि तिथंच थबकला.

तिकाटण्यावर ठेवल्यावर ती वस्तू झाकणासारखी दिसत नाही. कलती असते, आणि सगळी वर्तुळं समोर येतात.

"ओरा," तो म्हणाला, "हे खड्डे..."

"सूर असतात. एकेकात एकेक."

"हे त्याचं आहे? लेनॉक्सचं?"

"हो."

"आणि आता... वाजतं?"

मिस्टर वेल्डन आपल्या गिटारच्या तारांकडे बघत होते. मी पायाखालच्या पिठाकडे. कोल्बीनं तोंड उघडलं होतं, मी त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"नाही रे," तिया म्हणाली, अगदी शेडमधल्या आवाजात, नाकातून. "केव्हाच गेलंय. तो होता तेव्हाच गंजायला लागलं होतं. नंतर दोन वर्षं पडून. आपली खारी हवा, दुसरं काय. नुसतं शोभेला ठेवलंय."

तियो चेओ जन्मभर वेल्डिंग करत आलाय. गंज कुठला आणि आगीचा निळा कुठला, हे त्याला झोपेतही कळेल. त्यानं अंगठा त्या निळ्या कडेवर ठेवला आणि गोल फिरवत नेला, सावकाश, पूर्ण एक फेरा.

"हो," तो म्हणाला. "खारी हवा."

प्रभूचं नाव त्यानं घेतलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

"बस तिकडे," तिया म्हणाली. "खोकू नकोस. सगळं ऐकू येतं ह्यात."

तो भिंतीशी घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर. कोल्बीनं हात वर केला. पंखे बंद होते. तिया गायला लागली.

पहिलं कडवं. दुसरं कडवं. आणि मग सगळं थांबलं.

नाचाच्या दिवशी तिथं बुटांचा आवाज असतो, हे मी विसरले होते. त्या दिवशी नाचणारं कुणी नव्हतं. हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. तिया पॅनकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, लेनॉक्स वाजवायचा त्या सुरांवर, बिनआवाजी, एकही न चुकता. आणि त्या शांततेत मागे भिंतीशी खुर्ची करकरली. तियो चेओ उभा राहिला होता. टोपी छातीशी, मान खाली. कबरस्तानात तेव्हा लांब उभा होता तसा, पण आता जवळ. खुर्चीचे पाय फरशीवर घासले, एक लोखंडी सांधा "कीऽक" म्हणाला, आणि पुन्हा सगळं गप्प.

तियानं तिसरं कडवं उचललं. आवाज हलला नाही. गालावरून ओघळलेलं पुसायला हात मोकळे नव्हते, तर तिनं ते तसंच वाहू दिलं.

संपल्यावर कोल्बी कानावरचं काढत म्हणाला, "एकदम, मॅम... मला शब्दच नाहीत. फक्त ती मधली खुर्ची. काही हरकत नाही, मी पुसून टाकतो. तेवढा तुकडा एकदम स्वच्छ करून देतो, कुणाला कळणार नाही."

तियो चेओ तेव्हा दारात पोचला होता. तो थांबला, पण वळला नाही.

"राहू दे ते," तिया म्हणाली.

"पण मॅम, तिथं काहीच नाहीये, त्यामुळे तेवढंच ऐकू येतं."

"मला ऐकू येतं रे, बाळा. राहू दे म्हटलं ना."

तियो चेओ बाहेर गेला. दार त्यानं हळू लावून घेतलं.

त्यानं तिला त्यानंतर काही विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. तो रविवारी तिच्या अंगणातलं गवत कापून जातो, शेडच्या बाजूचं सोडून. तमालेसचा डबा येतो, रिकामा जातो. पॅन तिनं परत खोळीत घातलाय.

कॅसेट निघाली. वर लाल बुटांचा फोटो आहे. धक्क्यावरच्या दुकानात आमिषाच्या फ्रीझरशेजारी मिळते. घरी तिनं ती एकदाही लावलेली नाही. बटण दाबलं की लेनॉक्स येणार नाही, हे तिला माहीत आहे.

पण कॉर्पस शहराच्या रेडिओवर दुपारी कधी कधी ते गाणं लागतं, आणि कोळंबीच्या शेडमध्ये रेडिओ दिवसभर चालूच असतो. दुसरं कडवं संपलं की लांब टेबलावरच्या सगळ्या बायकांचे हात थांबतात. नळ गळत असतो. तियाचे हात मात्र चालूच, दोन्हीकडे एकेक डोकं, टक्, टक्. मग रेडिओतून ती खुर्ची करकरते.

तिया वर बघत नाही.

"बस रे, चेओ," ती नाकातून म्हणते, आणि पुढची कोळंबी उचलते.